पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका

धाकटा नववीत आहे. 41 लिहायचे तिथे 14 लिहितो, आणि फळ्यावरचं अर्धं उतरवून होईपर्यंत फळा पुसलेला असतो. अध्ययन अक्षमतेचा दाखला पालिकेच्या रुग्णालयाने दिलाय, तो शाळेत जमाही आहे. तरी घटक चाचणीला ना जादा वेळ, ना लेखनिक. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "ते सगळं बोर्डाला असतं हो. आत्तापासून दिलं तर बाकीचे पालक बोंब मारतील."

मारू देत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 17 परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करायला सांगतं. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, सगळं नाव घेऊन लिहिलंय. फक्त बोर्डाला, असं त्यात कुठेही नाही. 1995 च्या कायद्यात अध्ययन अक्षमता धरलेलीच नव्हती, नव्या कायद्यातल्या 21 प्रकारांत ती आहे. स्टाफरूममध्ये मात्र अजून जुनाच कायदा चालू असावा.

अर्ज एका पानाचा केला. मनस्ताप त्यात घालायचा नाही, तो नवऱ्याला ऐकवायचा. दाखल्याचा क्रमांक, तो शाळेला कधी दिला, कोणत्या पेपरला काय मागितलं, काय उत्तर मिळालं, सहामाहीला काय हवंय. शेवटी एक ओळ: नकार असल्यास कारणासह लेखी कळवावा.

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "ठेवून जा, मॅडमना देते." मी दुसरी प्रत सरकवली. "यावर शिक्का आणि आवक क्रमांक द्या."

"मॅडम नाहीयेत."

"शिक्का त्या घरी नेतात का?"

शिक्का ड्रॉवरमध्येच होता. पॅड सुकलेलं, म्हणून बाईंनी त्यावर तोंडाने वाफ सोडली आणि असा काही दाबला की तारीख मागच्या पानावरही उमटली.

उत्तर अर्थातच आलं नाही. शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयाने माझी तक्रार "योग्य त्या कार्यवाहीसाठी" शाळेकडेच पाठवली. (मुंबईबाहेर असाल तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.) मग सगळे कागद जोडून पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज केला. कलम 80 खाली ते अशा तक्रारींची चौकशी करतात आणि समन्स काढणं, कागदपत्रं मागवणं अशा बाबतीत दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत. मी वकील केला नाही. "आम्ही विनाअनुदानित, आम्हाला लागू नाही," हे शाळेचं पालुपद तिथे टिकलं नाही. कायद्यातल्या खाजगी आस्थापनेच्या व्याख्येत ट्रस्टही येतो.

नोटीस पोचली आणि सहामाहीला तासामागे वीस मिनिटं जादा मिळाली. लेखनिकही मिळाला, आठवीतला एक गोड मुलगा, ज्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

परवा एका विश्वस्तांचा फोन आला. "आता दिलं ना सगळं, तक्रार मागे घ्या." सगळं कुठे? सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्रमाण घालून दिलंय: प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यावरच्या वर्गांना पंधरांमागे एक. आमच्या शाळेत एकही नाही, तेही अर्जात आहे. मी त्यांना म्हटलं, नेमणुकीची जाहिरात कधी देताय ते लेखी कळवा.