तीन भाषांच्या शहरात उशिरा बोलणारी मुले

सोलापूरच्या पूर्व भागातील बालवाडीत मी शिकवते. घरी तेलुगू, शेजारी कन्नड आणि शाळेत मराठी, या गोंधळामुळेच आमचे मूल बोलत नसेल का, असे येथील पालक नेहमी विचारतात. हा समज इतका पक्का आहे की, काही शिकलीसवरलेली मंडळीही आईला 'आता घरात फक्त मराठीच बोला' असे सांगून मोकळी होतात. माझ्या मते हा सल्ला अपायकारक आहे. एकाहून अधिक भाषा कानांवर पडल्याने वाचादोष निर्माण होत नाही. मात्र ज्या भाषेत आई सहजपणे लाड करते आणि रागावते, ती भाषाच बंद केली की मुलाशी होणारे बोलणे आटते.

दोन वर्षांच्या मुलाला साधारण 50 शब्द यावेत आणि त्याने दोन शब्द जोडून बोलावे, अशी अपेक्षा असते. ही मोजदाद करताना सर्व भाषांतील शब्द धरायचे असतात. भाताला 'अन्नम' म्हणणाऱ्या मुलीने 'अम्मा, पाणी' अशी मागणी केली, तर तो भाषांचा घोटाळा नसून तिने दोन शब्द व्यवस्थित जोडलेले असतात.

उशीर खरोखरच होत असेल, तर तपास कानांपासून सुरू व्हायला हवा. सहाव्या-सातव्या महिन्याच्या सुमारास बाळ 'बाबाबा', 'दादादा' अशी अक्षरांची माळ लावू लागते. ऐकू न येणारे बाळही सुरुवातीचे हुंकार देते, त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. पाठीमागे थाळी वाजवून पाहण्याची घरगुती परीक्षाही फसवी असते, कारण बाळ मोठ्या आवाजाला दचकते, पण बोलण्यातले 'स'सारखे बारीक ध्वनी त्याच्यापर्यंत पोहोचतीलच असे नाही. शिवाय खाली यंत्रमाग चालत असलेल्या घरात ते जमिनीच्या हादऱ्यानेही मान वळवते. खात्रीसाठी 'बेरा' ही ऐकण्याची तपासणी असते; तिच्यात झोपलेल्या बाळाच्या डोक्याला छोट्या तारा चिकटवून आवाजाला मिळणारा श्रवणमार्गाचा प्रतिसाद नोंदवतात, आणि त्यात बाळाला काही त्रास होत नाही. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचाराला आरंभ, हा मान्य क्रम आहे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके मुलांना तपासायला अंगणवाड्यांत येतात, तेव्हा 'पुढच्या वेळी बघू' असे म्हणू नये.

शब्द येतात पण अस्पष्ट येतात, हा वेगळा प्रकार. 'काका'ऐवजी 'ताता' म्हणणे तिसऱ्या वर्षापर्यंत स्वाभाविक आहे. 'र' आणि 'ळ' तर त्याहूनही उशिरा बसतात. चौथ्या वर्षानंतरही 'क'चा 'त' होत असेल, तर वाचा उपचारतज्ज्ञ मुलाला आरशासमोर बसवतात आणि चपट्या काडीने जिभेचे टोक खाली दाबून धरतात. टोक वर उचलता येत नाही, त्यामुळे जिभेची मागची बाजू टाळूला टेकते आणि 'क' उमटतो. 'प' आणि 'फ' यांतला फरक ओठांसमोर धरलेल्या कागदाच्या पट्टीवर दिसतो: 'फ'ला पट्टी जोराने हलते. टाळू दुभंगलेल्या मुलाची हवा नाकातून निसटते; नाकाखाली आरसा धरून 'पापापा' म्हणायला लावले की त्यावर वाफ धरते. अशा मुलांची टाळूची शस्त्रक्रिया बहुधा दीड वर्षाच्या आत करतात, पण शस्त्रक्रियेनंतरही अनेकांना वाचा उपचार लागतात, हे पालकांना कोणी नीट समजावत नाही.

वेखंड मधात उगाळून जिभेला लावण्याची प्रथा आमच्याकडे अजून जोरात आहे. त्याने वाचा येत नाहीच, आणि एक वर्षाखालील बाळाला मध देणे धोक्याचे असते, कारण त्यातील जिवाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. 'जिभेखालचा पडदा कापा' हाही असाच सरसकट दिला जाणारा सल्ला. तो पडदा आखूड असल्यास काही मोजके उच्चार अडू शकतात, पण मूल मुळात बोलतच नसेल, तर कारण दुसरीकडे शोधावे लागते.

अडखळत बोलणे बहुतेकदा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होते, मुलग्यांत अधिक आढळते आणि बऱ्याच मुलांचे आपोआप जाते. ते सहा महिन्यांहून अधिक टिकले, किंवा शब्द काढताना मूल डोळे मिटून चेहरा ताणू लागले, तर मात्र तज्ज्ञांना दाखवावे. तोपर्यंत आजीआजोबांनी त्याचे वाक्य पुरे करू नये, 'सावकाश बोल' असे टोकू नये, आणि पाहुण्यांसमोर त्याला कविता म्हणायला उभे करू नये.