येरळवाडीच्या काठावर: मायणी परिसरात पाणपक्षी मोजताना

सकाळी साडेसहाला येरळवाडीच्या तलावावर पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं बसलं होतं. दुर्बीण काढून उपयोग नव्हता. ऐकू मात्र सगळं येत होतं: चक्रवाकांची नाकातून काढल्यासारखी ‘आँग, आँग’ हाक, टिटव्या, आणि लांब कुठेतरी शेतीपंपाची मोटर. वहीत वेळ, वारा, ढग एवढं लिहिलं आणि थांबलो. मागच्या जानेवारीत याच धुक्यात घाई केली होती. धुकं उठल्यावर तीच बाजू पुन्हा मोजली तर आकडा दुपटीहून जास्त भरला आणि अख्खं पान रद्द करावं लागलं.

आम्ही तिघं होतो: मी, माझा मावसभाऊ आणि त्याची बारावीतली मुलगी. सांगलीहून पहाटे पावणेचारला निघालो आणि तासगाव, विटा करत मायणीवरून पुढे आलो. साताऱ्याकडून येणाऱ्यांना कोरेगाव, पुसेगाव, वडूज हा रस्ता सोयीचा. फक्त मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा असते, त्या दिवसांत वेळेचा हिशेब वेगळा धरा. एसटीने यायचं तर आदल्या रात्री वडूज किंवा विट्यात मुक्काम करा. पहिली गाडी पकडूनही उजाडायच्या आत काठावर पोचणं अवघड आहे.

येण्याचं कारण जानेवारीतली मोजणी. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. तिचं सगळं बळ एका साध्या गोष्टीत आहे: तोच तलाव, तोच महिना, तीच पद्धत, वर्षानुवर्षं. एका वर्षाचा आकडा फार काही बोलत नाही, दहा वर्षांचे बोलतात. खटाव तालुक्यातले हे तलाव दुष्काळी मुलुखातले. इथलं पाणी दरवर्षी वेगळं असतं, त्यामुळे इथे सलग नोंदी असणं मला फार मोलाचं वाटतं. २०२१ मध्ये मायणी परिसर पक्षी संवर्धन राखीव म्हणून घोषित झाला, पण घोषणेने पक्षी मोजले जात नाहीत. त्यासाठी कुणीतरी थंडीत उभं राहावं लागतं.

साडेसातला धुकं उठलं. सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहायचं म्हणजे सूर्य पाठीशी येतो आणि बदकांचे रंग दिसतात. समोरून ऊन आलं की थापट्या काय आणि तरंग काय, सगळी बदकं काळीच. वारकरी हा पाणपक्षी मात्र कुठूनही ओळखू येतो. काळं अंग आणि कपाळावर गोपीचंदन लावल्यासारखा पांढरा टिळा. नाव ठेवणाऱ्याने काय बघून ठेवलंय! पण हेच वारकरी मोजायला सगळ्यात कठीण, कारण ते दाटीने तरंगतात आणि सारखे जागा बदलतात.

मोठ्या थव्याला आमची रीत अशी: आधी दहा पक्षी नीट मोजायचे, ते दहा पाण्यावर किती जागा घेतात ते डोळ्यात बसवायचं आणि मग तेवढ्या मापाने थव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकायचं. प्रत्येकाने स्वतंत्र मोजायचं, शेवटपर्यंत आकडा बोलायचा नाही. एकाने मोठ्याने सांगितला की दुसऱ्याचा नकळत तिकडे झुकतो. या वेळी वारकऱ्यांचे माझे भरले २७०, मावसभावाचे २६०, पोरीचे ३४०. मी सरासरी काढायला निघालो होतो. ती म्हणाली, “काका, एकदा माझ्या जागेवर उभं राहून बघा ना.” ती आमच्याहून वर, चढावर उभी होती. तिथून लव्हाळ्यामागचं पाणी दिसत होतं आणि त्या पाण्यात एक अख्खा घोळका होता. वहीत ३४० गेले आणि शेजारी उभं राहायची जागाही लिहिली. जागा न लिहिता नुसता आकडा लिहिला असता तर पुढच्या वर्षी खालून मोजणाऱ्याला वारकरी घटल्यासारखे वाटले असते.

राजहंस मात्र कुठेच नव्हते. पट्टकादंब म्हणतात ते हे, डोक्याच्या मागे दोन काळ्या पट्ट्या असलेले, हिमालय ओलांडून येणारे. सव्वाआठला उत्तरेकडून रांगा दिसू लागल्या. रात्रभर शेतात चरून ते पाण्यावर विसाव्याला परतत होते. उडत्या रांगेत मोजणं सोपं जातं, एकेक मान वेगळी दिसते. ४६ भरले. म्हणून सांगतो, उजाडताच मोजून लगेच निघू नका. किमान नऊपर्यंत थांबा, नाहीतर राजहंसांच्या रकान्यात खोटं शून्य पडेल. उतरल्यावर प्रत्येकाची मान स्कोपमधून, म्हणजे तिकाटण्यावरच्या एकनळी दुर्बिणीतून, बघा. मंगोलियात गळपट्टे घातलेले राजहंस भारतात ठिकठिकाणी दिसले आहेत. पट्ट्याचा रंग आणि त्यावरची अक्षरं वाचता आली तर ती नोंद सोन्यासारखी.

तेवढ्यात काठच्या रानातले एक मामा आले. काय मोजताय विचारलं. सांगितल्यावर म्हणाले, “रातच्याला आमच्या हरभऱ्यात बसत्यात ती. शेंडं खुडून खात्यात. मोजताय तर त्ये बी लिवा की.” लिहिलं. कुठल्या बाजूचं रान, किती वाफे, किती दिवस झाले, सगळं विचारून लिहिलं. राजहंस कुठे चरतात हे आम्हाला दुर्बिणीतून कधीच कळलं नसतं. आणि ज्याचं पीक जातं त्याचं ऐकून न घेता पक्षी वाचवायच्या गप्पा मारणं मला पटत नाही.

आता रोहितांबद्दल, म्हणजे फ्लेमिंगोंबद्दल, कारण सगळे तेच विचारतात. या वेळी एकही नव्हता. रोहित चोच उलटी करून चिखलपाण्यातलं खाद्य गाळून खातो, त्याला उथळ पाणी लागतं. यंदा तलाव काठोकाठ होता. पाणी ओसरून उथळ काठ उघडे पडले की ते येण्याची शक्यता वाढते, म्हणून रोहितांसाठी यायचं तर तारीख न बघता पाण्याची पातळी विचारून या. आणि आले असतील तर उडताना फोटो मिळावा म्हणून त्यांना हाकलू नका. लांबून आलेल्या पक्ष्याचं चरणं मोडून काढलेल्या फोटोची मला किंमत नाही. ड्रोन तर आणूच नका.

सूर्याचीवाडी आणि मायणीचे तलाव दुपारपर्यंत उरकले. मायणीत गाळ आणि बेशरमाची झुडपं बघून वाईट वाटलं. शेकाट्या, राखी बगळे, टिबुकल्या होत्या, पण मोजायला अर्धा तासही लागला नाही.

संध्याकाळ माळावर काढली. सरकारी भाषेत हा माळ ‘पडीक’, पण चंडोल, पखुर्डी, धाविक या पक्ष्यांना नेमकं हेच कुसळी गवत आणि हाच मुरूम हवा असतो. इथे झाडं लावायला खड्डे घेतलेले दिसतात तेव्हा जीव तुटतो. झाडं लावणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण गवताळ रानातल्या पक्ष्याला जंगल देऊन त्याचं घर राहत नाही. माळावर मोजताना एक रेघ धरून सावकाश चाला, पक्षी रेघेपासून किती अंतरावर दिसला ते लिहा. सूर्य कलल्यावर भोवत्ये हे शिकारी पक्षी गवतात जमिनीवर मुक्कामाला उतरतात. ती जागा सापडली तर लांबूनच मोजा, गवतात शिरू नका, आणि नेमकं ठिकाण कुठेही जाहीर करू नका. लांडग्याची घळ दिसली तरी हेच.

दुसऱ्या दिवशी परतताना देवराष्ट्र्याजवळ सागरेश्वरला अर्धा दिवस दिला. उघड्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं हे अभयारण्य, क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर, १९८५ चं. चितळ, सांबर, काळवीट दिसले. आदल्या संध्याकाळी माळावरच्या खड्ड्यांवर एवढं बोलून आल्यावर इथे लावलेल्या झाडांखालून चालताना मी बराच वेळ गप्प होतो. कुठल्या जमिनीवर काय शोभतं हे आधी बघावं लागतं, एवढंच मनाशी म्हटलं.

जाणाऱ्यांसाठी काही राहिलेलं. आदल्या दिवशी वनरक्षकांना कळवा, काठावर अनोळखी माणसं दुर्बिणी लावून बसली की गावात शंका येते. मातकट रंगाचे कपडे घाला. काठचा चिखल वरून वाळलेला दिसतो, पण गुडघाभर पाय जातो, काठी टेकून बघितल्याशिवाय उतरू नका. बदक ओळखता आलं नाही तर ‘अनोळखी बदक’ लिहून संख्या टाका, अंदाजाने नाव देऊ नका. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना संख्येच्या जागी फुली टाकून मोकळे होऊ नका. चिमण्या, साळुंक्या, कावळेही मोजा. आणि जे नव्हतं त्याचं शून्य वहीत लिहा, आमच्या पोरीने ‘रोहित: ०’ लिहून शेजारी ‘पाणी काठोकाठ’ असं लिहिलंय.

येरळवाडीला पूर्वेच्या काठावर एक एकटी वाकडी बाभूळ आहे. तिच्यापासून दहा-बारा पावलं चढावर जाऊन उभे राहा. लव्हाळ्यामागचं पाणी तिथूनच दिसतं.