लग्न डिसेंबरात आणि समोरचा एक दात काळा

साखरपुड्याचे फोटो आले तेव्हा मी एक उद्योग केला, सगळे फोटो चाळून बघितले की माझे दात किती फोटोत दिसतायत. एकातही नाही. दीड-दोनशे फोटोत मी असेन, सगळीकडे ओठ मिटून, पोलीस भरतीच्या फॉर्मवर लावतात तसला चेहरा. शेजारी ती छान हसतीय, तिच्या मावशीची तर अक्कलदाढसुद्धा दिसतीय, आणि नवरदेव असा बसलाय जणू त्याला कुणी धरून आणलंय. आमच्या ग्रुपवर एकाने लिहिलं पण, "भावा, मनाविरुद्ध चाललंय का काय."

तर कारण हे की माझा वरचा समोरचा डावा दात राखाडी आहे. ओल्या सिमेंटचा रंग असतो ना, तसा. आठवीत असताना हरिपूर रोडला सीझन बॉलवर खेळायला गेलो, हेल्मेट वगैरे लाड कुणाचेच नव्हते, बॉल टप्पा पडून जो उसळला तो थेट तोंडावर. कोपरा उडाला, ओठ फुटला, आईने घरी हळद दाबली (सांगलीत दुसरं काय दाबणार) आणि दात पडला नाही म्हणून सगळे खूश झाले. मग दोन-तीन वर्षांत तो हळूहळू मळत गेला आणि तिथून पुढे मी तोंड मिटून हसायला लागलो. कॉलेजात कुणी जोक मारला की हात आपोआप तोंडावर जायचा, अजूनही जातो. वय वर्षं २९.

त्यात अजून एक म्हणजे दोन्ही पुढच्या दातांत फट आहे, ती अण्णांकडून आलीय, त्यांची तर एवढी मोठी की "स" म्हणताना बारीक शिट्टी वाजते. ती मला कधी खुपली नाही. म्हणजे नव्हती खुपली, क्लिनिकमध्ये जाईपर्यंत.

गणपतीच्या आधी एका क्लिनिकमध्ये गेलो, नाव सांगत नाही. आत एसी, भिंतीवर हसणाऱ्या लोकांचे मोठे मोठे फोटो. एका मॅडमनी माझा हसरा फोटो काढला, कॉम्प्युटरवर टाकला आणि दोन मिनिटांत माझ्या तोंडात नवे दात बसवून दाखवले. स्माईल डिझाईन म्हणतात त्याला. वरचे आठ दात, सगळे एका मापाचे, एका रंगाचे, फट गायब. मला पहिल्यांदा भारीच वाटलं, खोटं कशाला बोला. मग नीट बघितल्यावर वाटलं की हे नवीन बाथरूमच्या टाईल्ससारखं दिसतंय, पण बोललो नाही. एका व्हिनिअरचे, म्हणजे दातावर चढवायच्या कवचाचे, ९,०००, आठाचे ७२,०००, "लग्नाचं म्हणून" ६५,००० मध्ये बसवू आणि हप्ते पण करून देऊ. मी विचारलं की खराब तर एकच आहे, मग आठ कशाला, तर म्हणाल्या एकाच दाताचा रंग बाकीच्यांशी जुळवणं अवघड असतं, आठ केले की प्रश्नच मिटला. ऐकायला बरोबर वाटतं. एकट्या समोरच्या दाताचा रंग जुळवणं खरंच अवघड असतं हे मला नंतर दुसरीकडेही सांगितलं. पण त्यासाठी बाकीचे सात चांगले दात घासायचे हे मला तिथं खुर्चीत बसून नीट कळलंच नव्हतं. "थोडंसं ट्रिमिंग" असा शब्द वापरला होता, मला वाटलं नखं कापल्यासारखं काहीतरी असेल.

घरी येऊन वाचलं, एका ओळखीच्या डेंटिस्टला फोन करून डोकं खाल्लं, तेव्हा कळलं की पोर्सिलेनचं व्हिनिअर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूवर चिकटवायचं पातळ कवच, नखाएवढं, आणि ते बसायला जागा हवी म्हणून दाताचं वरचं एनॅमल साधारण अर्धा मिलिमीटर घासतात. आम्ही सांगलीकर कृष्णेच्या पुराचं पाणी फुटात मोजणारी माणसं, आयर्विन पुलावर ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका, आपल्याला अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच वाटत नाही. पण पाणी उतरतं. एनॅमल एकदा घासलं की परत येत नाही, शरीर ते पुन्हा बनवतच नाही. आणि ती कवचं जन्मभराची पण नसतात, दहा-पंधरा वर्षांनी कधीतरी बदलावी लागतात, म्हणजे आज २९ ला बसवली तर चाळिशीत एकदा, पंचावन्नला एकदा, दर वेळी आठ दात, आणि दर वेळी तेव्हाचा रेट. लग्न एकदाच लावायचंय ओ.

(ज्याचे सगळेच दात डागाळलेत किंवा झिजलेत त्याला व्हिनिअरचा उपयोग होतोच, मी काही व्हिनिअरवर दात ओठ खात नाहीये.)

घरातली मतं तर विचारूच नका. आईचं म्हणणं, "पुरुषाच्या दाताकडं कोण बघतंय, त्यापेक्षा हॉलला रंग काढूया." अण्णा गप्प. आजी, जिने अख्खी हयात सकाळी मिश्री लावली, ती म्हणाली आमच्या वेळी सवाष्णी मुद्दाम दातवण लावून दात काळे करायच्या, तुला फुकटात मिळालाय तर तक्रार करतोस. आजीशी कोण वाद घालणार.

मग मी जे करायला घाबरत होतो ते केलं, हिलाच फोन लावला. ती कराडची. अजून आमचं तुम्ही-तू असं अधेमधे चालतं. म्हटलं, एक विचारायचं होतं, माझा तो पुढचा दात... तर मला पुढं बोलूच दिलं नाही, हसत सुटली. म्हणे बघायच्या कार्यक्रमात तुम्ही पोहे खात होता ना, तेव्हा मला वाटलं दाताला मोहरी चिकटलीय. मी आपली वाट बघतीय हा माणूस जिभेनं काढेल, मग काढेल, पाणी प्यायल्यावर तरी जाईल. तुम्ही पाणी प्यायला आणि ती तिथंच! अर्धा तास मी तुमच्या पगाराचं काय ऐकलंच नाही.

मी पण हसलो. फोनवर होतो त्यामुळे तोंड उघडून.

नंतर ती शांतपणे म्हणाली की तुला खुपतोय तर कर, माझ्यासाठी किंवा फोटोसाठी करू नको, आणि त्या दाताला काय झालंय ते तरी बघितलं का कुणी? मी थांबलो. खरंच की. ६५ हजारांचं कोटेशन हातात होतं पण दाताचा एक्स-रे कुणीच काढला नव्हता.

मग आमच्या जिल्ह्यातल्याच एका डेंटल कॉलेजच्या ओपीडीत गेलो. सकाळी केसपेपर काढायचा, मग या खिडकीतून त्या खिडकीत, दोन-तीन तास गेलेच समजा, आणि काम विद्यार्थी करतात, मागे सर उभे असतात. ज्यांना घाई आहे त्यांनी जाऊ नये. पण तिथल्या पीजी करणाऱ्या मुलीनं जे पहिल्या दहा मिनिटांत केलं ते मी विसरणार नाही. कापसाच्या छोट्या गोळीवर थंड स्प्रे मारला आणि एकेका दाताला लावत गेली. बाजूच्या दाताला लावला तर झिणझिण्या डोक्यापर्यंत. त्याच्या पलीकडच्याला, तेच. मग काळ्या दाताला लावला. काहीच नाही. मी म्हटलं लावला का? म्हणाली लावलाय, कधीचा. परत लावला. दगडाला लावल्यासारखं. तेव्हा मला कळलं की हा दात मेलेला आहे, आणि पंधरा वर्षं मी एक मेलेला दात घासतोय रोज सकाळी.

एक्स-रेत मुळाच्या टोकाला वाटाण्याएवढा काळा गोल दिसला. इन्फेक्शन. दुखत नव्हतं म्हणून कळलं नाही एवढंच. सरांनी समजावलं की मार बसल्यावर आतली नस मरते, तिथलं रक्त दाताच्या आतल्या बारीक नळ्यांत उतरतं आणि म्हणून रंग बदलतो, तो डाग आतून आलेला आहे, बाहेरून कितीही घासा काही होणार नाही. आणि याच्यावर नुसतं कवच चढवलं असतं तर? ते म्हणाले, वरून सुंदर दिसलं असतं आणि खाली जे चाललंय ते चालू राहिलं असतं, कदाचित हळदीच्या दिवशीच गाल सुजला असता.

ठरलं ते असं. आधी रूट कॅनाल. मग त्याच दाताला आतून ब्लीच. मग उडालेल्या कोपऱ्याला दाताच्या रंगाचं सिमेंट, कॉम्पोझिट म्हणतात ते. बाकी दातांना फक्त क्लिनिंग, कारण मार्केट यार्डात दिवसाला आठ-नऊ चहा होतात आणि त्याचे थर होतेच. (क्लिनिंगने दात हलायला लागतात असं आमच्या दुकानात सगळ्यांचं ठाम मत आहे. हलत नाहीत. इतके दिवस किटणाने झाकलेल्या फटी मोकळ्या होतात म्हणून तसं वाटतं.) मी विचारलं सगळेच पांढरे करून टाकूया का, तर ती मुलगी म्हणाली तुमचे बाकीचे दात त्यांच्या रंगाला छान आहेत, या एकाला त्यांच्याकडे आणू, त्यांना कशाला ओढायचं. आणि समजा सगळे करायचेच असतील तर आधी ब्लीच करावं लागतं, सिमेंट नंतर, कारण दात पांढरे होतात पण सिमेंट होत नाही, ते ज्या रंगाचं भरलं त्याच रंगाचं राहतं. हे लक्षात न घेता उलटं करून बसलेले लोक येतात म्हणे.

रूट कॅनालला तोंडावर निळ्या रबराचा पडदा बांधला आणि त्यातून एकच दात बाहेर, एवढी इज्जत त्या दाताला आयुष्यात मिळाली नव्हती. दुखलं असं नाहीच, मेलेल्याला काय दुखणार. ब्लीचचं मात्र मजेशीर आहे, दाताच्या आत पावडर भरून वरून तात्पुरतं बंद करतात आणि घरी पाठवतात, चालता-बोलता ते आत काम करत राहतं, म्हणून त्याचं नाव वॉकिंग ब्लीच. त्याआधी मुळाच्या तोंडाशी सिमेंटचं बूच मारतात, नाहीतर औषध खाली झिरपून मूळ बाहेरून झिजू शकतं. दर आठवड्याला जाऊन पावडर बदलायची. पहिल्या आठवड्यात काहीच फरक नाही, मी मनात म्हटलं गेले पैसे. दुसऱ्या आठवड्यात सकाळी ब्रश करताना आरशात बघितलं आणि तो ओल्या सिमेंटचा राखाडी रंग जाऊन साधारण जुन्या हस्तिदंतासारखा झाला होता. आईला हाक मारली. ती म्हणाली, "काय फरक नाही." मग जवळ येऊन, चष्मा लावून, "व्हय की रे."

या सगळ्यात हळदीचा त्रास वेगळाच. मी हळदीच्या अडतीत हिशोबाला आहे, कपडे, बोटं, चलनाची पुस्तकं सगळं पिवळं, आणि सांगितलं काय तर सिमेंट भरल्यावर पहिले दोन दिवस हळद आणि चहा टाळा. शर्टावरचा हळदीचा डाग उन्हात टाकला की उडतो, आमच्याकडे सगळ्यांना माहितेय, पण दात उन्हात कुठे टाकणार. दोन दिवस दहीभात खाल्ला, चुलत्यांनी विचारलं पोट बिघडलंय का.

तारखांचं पण सांगतो कारण मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ब्लीच संपल्यावर लगेच सिमेंट भरत नाहीत, साधारण दोन आठवडे थांबतात, एक तर रंग स्थिर व्हायला आणि दुसरं म्हणजे ताज्या ब्लीचवर सिमेंट नीट चिकटत नाही. मी सप्टेंबरच्या मध्याला सुरू केलं आणि मधे त्यांच्या दिवाळीच्या सुट्ट्या धरून नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपलं. पत्रिका छापल्यावर जागे झालो असतो तर जमलं नसतं. तारांनी फट भरायची असती तर वर्ष-दीड वर्ष लागलं असतं, तो विषय तिथंच संपला. खर्च सगळा मिळून २,५०० च्या आत, अर्थात कॉलेजात, बाहेर जास्त होईल, आणि माझ्या सुट्ट्यांचा हिशोब शेठने वेगळा ठेवलाय.

शेवटच्या दिवशी रंग जुळवायला मला खिडकीपाशी उभं केलं, ट्यूबलाईटखाली नाही. आणि काम सुरू करायच्या आधीच, कारण दात कोरडा पडला की मूळ रंगापेक्षा पांढरा दिसतो आणि मग फसगत होते. पट्टीवरचे खोटे दात एकेक करून माझ्या दाताशेजारी धरत होती, रंगाच्या दुकानात कार्ड धरतात तसं. कोपरा भरून झाल्यावर म्हणाली फट पण बंद करून बघायची का, नुसतं बघायला, न चिकटवता. म्हटलं बघू. दोन्ही दातांना थोडं थोडं सिमेंट लावून फट बुजवली आणि आरसा हातात दिला.

छान दिसत होतं. एकदम व्यवस्थित. मी म्हटलं "सांगली", नुसतं म्हणून बघितलं, आणि शिट्टी आली नाही. माझ्या "स" ला बारीकशी शिट्टी आहे हे मला २९ वर्षांत माहीतच नव्हतं, ती गेल्यावर कळलं. परत म्हटलं "सौदा", "सातारा". सर हसायला लागले. म्हटलं काढा ते.

परवा आयर्विनवर प्री-वेडिंगचे फोटो काढले. दात अजून शेजाऱ्यापेक्षा किंचित गडद आहे, बारकाईने बघणाऱ्याला दिसेल, ती तर बारकाईनेच बघते. काही वर्षांनी परत थोडा काळवंडू शकतो, तेव्हा परत आतून ब्लीच करता येतं म्हणाले. ऊस दाताने सोलायचा नाही, हे सांगलीच्या माणसाला सांगणं म्हणजे जरा अतीच आहे, पण ठीक आहे. फोटोग्राफर नेहमीसारखा "दादा, जरा हसा की" म्हणाला आणि मी हसलो तर हात तोंडाकडे निघालाच होता, तिने मधेच धरला.

मार्चमध्ये परत एक्स-रे काढायला बोलावलंय, तो काळा गोल भरत आलाय का बघायला. मार्च म्हणजे सौद्यांचा ऐन सीझन. शेठला आत्ताच सांगून ठेवलंय, ते म्हणाले आता आणि कशाला, लग्न तर झालेलं असेल ना तेव्हा.