रविवारचं वजन: खंडूच्या बॉलची नोंदवही

जून, शेवटचा आठवडा

ज्यांची खंडूशी ओळख नाही त्यांच्यासाठी: वय तीन वर्षं, वजन २६ किलो, आई लॅब्रॅडॉर, वडील कोथरूडच्या कुठल्याशा गल्लीतले. बॉलमागे धावताना वडिलांचे पाय दिसतात आणि बॉल मिळाल्यावर आईचा जबडा. नाव जेजुरीच्या खंडोबावरून. देवासोबत कुत्रा असतो हे ठीक, पण देवाचंच नाव कुत्र्याला दिलं म्हणून आजी महिनाभर माझ्याशी बोलत नव्हती.

वही सुरू केली ती गेल्या मंगळवारमुळे. सकाळी वेताळ टेकडीवर नेहमीसारखा टेनिस बॉल टाकत होतो. दोन आठवडे चावून चावून बॉल निम्मा मऊ झालेला, वरची लव लाळेने चिकट. खंडूने तो टप्प्यावर झेलला आणि जागच्या जागी थांबला. मान पुढे ताणलेली, तोंड उघडं. खोकला नाही, भुंकणं नाही, आवाजच नाही. बॉल सुळ्यांच्या मागे जाऊन घशाशी बसला होता. बोट घालून पाहिलं, तर लाळेमुळे बोट घसरून बॉल आणखी आत. रोज भेटणारे एक निवृत्त काका काठी टाकून धावत आले, त्यांनी जबडा उघडा धरला आणि मी बाहेरून, जबड्याखाली गळ्याला हात लावून बॉलच्या मागून तोंडाच्या दिशेने रेटलं. पुळकन् बाहेर आला. सगळं मिळून वीसेक सेकंद झाले असतील, माझे पाय मात्र घरी पोचेपर्यंत थरथरत होते.

संध्याकाळी डॉक्टरांकडे. घसा ठीक निघाला. "बाहेरून ढकललंत ते बरं केलंत. आतून ओढायला जाल तर बहुतेक वेळा आत जातो," असं म्हणाले, आणि मग खंडूचा ओठ वर करून सुळे दाखवले. टोकं गेलेली, चपटी. मी इतके दिवस रोज दात घासायच्या गप्पा मारत होतो आणि हे दिसलंच नव्हतं.

टेनिस बॉलची मापं नियमाने ठरलेली आहेत: व्यास ६.५४ ते ६.८६ सेंटिमीटर, वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम. रॅकेटसाठी सगळं बरोबर आहे. मोठ्या कुत्र्याच्या जबड्यात मात्र तो दाबला जातो, चपटा होऊन दातांमागे सरकतो आणि तिथे गेल्यावर पुन्हा फुगतो. वरची लव माती धरून ठेवते. टेकडीवरची माती म्हणजे काळ्या दगडाचा चुरा, त्यात लाळ मिसळली की झाला पॉलिशपेपर. महिनोन्महिने तो रोज अर्धा तास दातांवर फिरवा, मग सुळे चपटे का झाले ते विचारायला नको.

जुलै, पहिला पंधरवडा

पाऊस. टेकडीवर चिखल, म्हणून सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर चाचण्या. उमेदवार पाच. सगळ्यांची हकिगत सांगत बसत नाही, दोन तर पहिल्याच दिवशी बाद झाले.

मुलांच्या क्रिकेटचा पोकळ रबरी बॉल: सात मिनिटं. दोन शकलं, एक सापडलं, दुसरं खंडूच्या गालात होतं. शेंगदाणा देऊन सोडवलं.

लेदर बॉल, कोपऱ्यातल्या पोरांनी फेकलेला: हा मी आणलेला नव्हे, खंडूने स्वतःच आणला. लगेच काढून घेतला. १५५.९ ते १६३ ग्रॅमचा टणक गोळा आहे तो, हवेत झेलला तर दातच जायचा. इथे अंगठ्याच्या नखाची परीक्षा सांगून ठेवतो, बऱ्याच जणांना माहीत असेल. खेळण्यावर नख दाबायचं. थोडीतरी खूण उठली पाहिजे. नख मागे वळत असेल तर दातासाठी ते फार कठीण. दुसरी परीक्षा गुडघ्याची: ती वस्तू स्वतःच्या गुडघ्यावर हाणून घ्यायची तयारी आहे का? नसेल तर कुत्र्याच्या तोंडात देऊ नका. हाडं, शिंगं, खूर, कडक नायलॉनची काही खेळणी यात नापास होतात. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचे ४२ दात. त्यातली वरच्या जबड्यातली चौथी उपदाढ, जिने तो कडेने कडाकडा चावतो, तीच अशा कठीण वस्तूंनी पापुद्र्यासारखी उभी चिरते. वरून दिसतंही नाही. कुत्रा एका बाजूने जेवायला लागतो तेव्हा कळतं.

दोरीचा गाठाळ बॉल: हा गेल्या वर्षीचा जुना वैरी, फक्त यादी पूर्ण व्हावी म्हणून लिहितो. तेव्हा खंडूच्या शीमध्ये चार बोटं लांब दोरा निघाला होता. सुदैव. परकराची नाडी ओढली की चुण्या पडतात ना, तसं दोऱ्याचं एक टोक कुठे अडकलं की आतडं त्यावर गोळा होत जातं, आणि ताणलेला दोरा आतून आतडं कापतो. मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तसाच डॉक्टरांकडे न्यायचा. आमच्याकडे दोरी आता फक्त माझ्या हातात असते, ओढाओढीपुरती. मग कपाटात.

जुलै, तिसरा आठवडा

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे कॅनव्हासचा जुना फायर होज मिळाला, हातभर. डोक्यात भारी कल्पना: एवढं पाणी दाबाने जातं त्यातून, खंडू काय करणार? कोपऱ्यावरच्या चप्पल दुरुस्तीवाल्या मामांकडून दुहेरी नायलॉन दोऱ्याने शिवून घेतला. मामांनी शिवताना विचारलं, "कुणासाठी आहे?" सांगितलं. "मग उद्या या पुन्हा," म्हणाले.

उद्याची गरज पडली नाही. मी घड्याळ लावून समोर बसलो होतो. खंडूने कॅनव्हासला तोंडच लावलं नाही. पुढच्या दोन पायांत धरून तो सावकाश फिरवला, नाकाने हुंगत. मग पुढच्या बारक्या दातांनी, शेंगेतून दाणा काढावा तसा, एक टाका उचलला. मग पुढचा. अकराव्या मिनिटाला सगळी शिवण उसवलेली आणि आतला रबरी अस्तराचा कोपरा बाहेर. त्या दिवशी कळलं ते असं: खंडू कापड फाडत नाही, शिवण शोधतो. टेनिस बॉलवरही तो लवेच्या पट्टीचा सांधाच आधी धरायचा. त्यामुळे यापुढे शिवण, चिकटवलेला सांधा किंवा वेगळा बसवलेला तुकडा असलेलं काहीही फेकायला नको. शिवाय त्या होजमधून पूर्वी काय काय वाहिलं असेल हा विचार मला नंतर सुचला. आईला आधीच सुचला होता.

ऑगस्ट

एक भरीव बॉल आणला. नैसर्गिक रबर, नारिंगी, व्यास साडेसात सेंटिमीटर, सांधा नाही. नख दाबलं की खूण उठते आणि हळूहळू भरून येते. वास साधा रबराचा. (त्याच दुकानात दुसरा एक होता, उग्र रॉकेलसारख्या वासाचा. हातात धरून परत ठेवला.) पाकिटावर "विषारी नाही" छापलेलं आहे, पण त्यावर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची झाली, तो आदेश १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. कुत्रा त्यात बसत नाही, मग तो तीन वर्षांचा का असेना.

मापाबद्दल. छोटा घेण्यापेक्षा मोठा घ्या. सुळ्यांच्या मागे कुठल्याही कोनातून जाता कामा नये, एवढंच. आणि एक गोष्ट आपण सगळेच विसरतो: सकाळच्या घोळक्यात बॉल सामाईक होतात. पॉमेरेनियनसाठी आणलेला पाच सेंटिमीटरचा बॉल पॉमेरेनियनसाठी उत्तमच, पण तो गवतात राहिला आणि खंडूने उचलला की मंगळवारची पुनरावृत्ती. आता मी पोचल्यावर आधी सगळ्यांचे बॉल विचारतो. खडूस म्हणतात. म्हणोत.

पोकळ खेळणं घेणार असाल तर आरपार दोन भोकं हवीत. एकच भोक असेल तर जीभ आत गेल्यावर हवा ओढली जाते, जीभ अडकते आणि सुजायला लागते. शिट्टीवाली खेळणी फेकायला बाद, कारण शिट्टी हीच खंडूच्या दृष्टीने शिवण.

आता वहीचं नाव कशावरून ते. दर रविवारी बॉल धुऊन, पुसून, रात्रभर वाळवून सोमवारी सकाळी काट्यावर ठेवतो. (म्हणजे खरं सोमवारचं वजन. पण "सोमवारचं वजन" कानाला बरं नाही वाटत.) पहिल्या वेळी ओलाच ठेवला होता, तेव्हा खाचेत अडकलेलं पाणी आणि माती मिळून दोन ग्रॅम जास्त भरला आणि मी आनंदाने सांगत सुटलो की बॉल वाढतोय. काटा स्वयंपाकघरातला, चकलीच्या भाजणीचा. आईची अट: खाली वर्तमानपत्राचा कागद आणि नंतर काटा पुसायचा. वजन करायचं कारण साधं आहे. तुकडा पोटात गेला की डोळ्यांना बॉल तसाच दिसतो, काट्याला नाही. आणि रबर एक्सरेत दरवेळी नीट दिसतंच असं नाही, त्यामुळे "बॉलमधून तीन ग्रॅम गेले" हे डॉक्टरांना सांगता आलं तर त्यांचं काम सोपं होतं.

आकडे: पहिला आठवडा १५१. दुसरा १५१. तिसरा १५०. चौथा १४१.

चौथ्याची गोष्ट अशी. खेळ झाला, पाऊस आला, मी आडोशाला उभं राहून फोन बघत बसलो आणि बॉल त्याच्याकडेच राहिला. पंधरा मिनिटं. नऊ ग्रॅम. गवतात आठेक ग्रॅमचे तुकडे सापडले, उरलेल्याची दोन दिवस शीमध्ये वाट पाहिली. उलटी नाही, जेवण नीट, म्हणून घरीच. तीन आठवडे रोज शेदीडशे वेळा धावून बॉल एक ग्रॅम झिजला आणि रिकाम्या पंधरा मिनिटांत नऊ.

सप्टेंबर

तेव्हापासून पद्धत बदलली. एकसारखे दोन बॉल. पहिला घेऊन आला की दुसरा दाखवायचा, तो पहिला टाकतो, "सोड" म्हणायचं, दुसरा फेकायचा. त्याच्या तोंडात बॉल असताना तो पळत असतो, आणि थांबलेला असतो तेव्हा तोंड रिकामं. चावायला वेळच नाही. शेवटचा बॉल शेंगदाण्याच्या बदल्यात घेऊन सरळ पिशवीत, चेन लावून.

टेकडीवरच्या काकांनी हे सगळं पाहिलं. "अहो, आमच्या वेळी कुत्री काठीच आणायची. एवढं कुठे होतं?" ज्यांनी खंडूचा जबडा धरला त्यांच्याशी वाद घालायची माझी प्राज्ञा नाही. पण काठीचं टोक जमिनीत रुतलं आणि धावता कुत्रा त्यावर आला की ते घशात घुसतं, आणि कुजकट लाकडाच्या ढलप्या टाळूत रुततात, हे सांगितलं. काका थोडा वेळ गप्प. मग स्वतःची काठी बघत म्हणाले, "ही सागाची आहे हो."

चावायची हौस घरी भागवतो, वेगळ्या खेळण्यावर. काँग, म्हणजे आत खाऊ भरता येतो असं पोकळ रबरी खेळणं. त्याची जन्मकथा मला फार आवडते, कारण खंडूही दगड उचलतो: कोलोरॅडोतल्या जो मार्कहॅमचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवत होता. मार्कहॅम फोक्सवॅगनची गाडी दुरुस्त करताना वैतागून सुटे भाग त्याच्याकडे फेकत होता, त्यातला सस्पेन्शनचा रबरी तुकडा कुत्र्याने सोडला नाही. १९७६ मध्ये त्यातून कंपनी उभी राहिली. खंडूला काळा, कडक प्रकार. आत मऊ भात आणि गाजर कोंबून रात्री फ्रीजमध्ये. पण हा मी फेकत नाही. त्याचा टप्पा वेडावाकडा जातो, खंडू हवेत पिळा घालून झेप घेतो आणि ओल्या गवतावर मागच्या पायांवर आदळतो. मोठ्या कुत्र्याच्या गुडघ्यातली हाडं जोडणारी शीर (लिगामेंट) अशाने तुटू शकते. बॉलसुद्धा आता उंच न टाकता जमिनीलगत घरंगळत टाकतो.

ऑक्टोबर, दुसरा आठवडा

ऊन कडक. टेकडीवर कुसळं उभी राहिली आहेत, घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या आणि कान बघा. बॉललाही कुसळं चिकटून येतात आणि तीच हिरडीत जातात, म्हणून दर चार फेकींनंतर पँटला पुसतो. पँटची अवस्था विचारू नका.

दोनपैकी एक बॉल आठवडाभर गच्चीच्या कठड्यावर विसरला होता. वरून ठीक दिसतो, पण दाबून वाकवला की पृष्ठभागावर केसासारख्या बारीक चिरा उघडतात. नैसर्गिक रबराला ऊन आणि हवेतला ओझोन सोसत नाही. तेलही नाही. शेंगदाण्याच्या हातांनी बॉल धरायची माझी सवय त्यामुळे सोडायला हवी. चिरा पडलेल्या जागी दात अडकतो आणि मग ती खंडूची नवी शिवण. बॉल बाद, नवा मागवला आहे. तोवर जुनाच एक आणि त्याच्या जोडीला निळा, थोडा मोठा, ज्याला खंडू अजून परका समजतो.

आज सकाळी नारिंगी: १४० ग्रॅम. चौथ्या आठवड्यानंतर इतक्या दिवसांत एकच गेला. मी आकडा लिहीत असताना खंडू ओट्याखाली बसून काट्याकडे एकटक बघत होता, लाळेची तार फरशीपर्यंत. आई म्हणाली, "त्याला तो एक ग्रॅम परत हवा असेल."