स्पिटफायर हातावेगळं, आता ऑक्सफर्ड (१:७२)

दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर लढाऊ विमानाचं (व्हीबी प्रकार) १:७२ मापाचं मॉडेल जवळजवळ झालंय. राहिलाय तो शेवटचा मॅट कोट (बिनचमकीच्या लॅकरचा थर), आणि पावसाची झड थांबल्याशिवाय मी तो मारणार नाही. दमट हवेत लॅकर पांढुरकं पडतं आणि केलेल्या कामावर साय धरते, हे तुम्हाला काय सांगायचं!

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: हे विमान एडी२९१, कोड व्हीझेड-एच, कॅनेडियन हवाई दलाची ४१२ स्क्वाड्रन. ११ डिसेंबर १९४१ ला पायलट ऑफिसर जॉन गिलेस्पी मॅगी हेच विमान घेऊन लिंकनशरमधल्या वेलिंगोर तळावरून सरावाला गेला. परतताना त्याच्या तुकडीची स्पिटफायर्स ढगांतल्या फटीतून खाली आली. तिथे, जेमतेम १४०० फुटांवर, मॅगीची एका एअरस्पीड ऑक्सफर्डशी, म्हणजे दोन इंजिनांच्या ट्रेनर विमानाशी, टक्कर झाली. मॅगीचा जन्म शांघायचा, वडील अमेरिकन मिशनरी, आई इंग्रज. वय १९. त्याच सप्टेंबरात त्याने घरी पत्रातून धाडलेलं उड्डाणावरचं सुनीत पुढे वैमानिकांना तोंडपाठ झालं. स्कॉपविकला त्याच्या थडग्यावर त्यातल्याच ओळी कोरल्या आहेत.

आता रंग. ऑगस्ट १९४१ मध्ये फायटर कमांडने (ब्रिटिश हवाई दलाची लढाऊ विमानांची शाखा) डार्क अर्थ हा मातकट तपकिरी काढून ओशन ग्रे हा राखाडी आणला. तो हाती येईपर्यंत मीडियम सी ग्रेचे सात भाग आणि काळ्याचा एक भाग असं मिश्रण चालवून घेतलं जायचं. हे मिश्रण दाखवायचं की ओशन ग्रे, यावर आपल्यात दोन तट आहेत, राहोत बापडे. ४१२ ला व्हीबी मिळाली ती त्यानंतरच्या शरदात, म्हणून मी ओशन ग्रे धरला. शेपटीजवळचा स्काय रंगाचा (फिकट हिरवट) पट्टा मूळचा १८ इंची, म्हणजे आपल्या मापात ६.३५ मिलिमीटर. सहाची मास्किंग टेप लावून भागवलं तर फोटोत लगेच डोळ्यात भरतं, म्हणून टेप पट्टी ठेवून कापली.

कॅनोपीवर, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणावर (हूड), मात्र हात अडला. एरवी कॉकपिट दिसावं म्हणून आपण हूड मागे सरकवूनच चिकटवतो, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. इथे एका शेतकऱ्याने खालून पाहिलेलं आहे की पायलट हूड मागे ढकलायला धडपडत होता. शेवटी तो उघडला, पोरगा उभा राहिला, उडीही मारली. पण उंची इतकी कमी की पॅराशूट उघडायला वेळच नव्हता. हे वाचल्यावर हूड उघडा ठेवणं जिवावर आलं. बंद चिकटवला. आतले सीटबेल्ट आता कुणाला दिसणार नाहीत, पण आहेत.

ऑक्सफर्डचं खूळ कशाला, असं काहींनी विचारलं होतं. त्यातही एक पोरगा होता. क्रॅनवेलला शिकणारा, एकटाच उडत असलेला, वय तेवढंच, १९. तोही गेला. मॅगीची स्पिटफायर बांधणारे ढीगभर सापडतील, टी१०५२ क्रमांकाची ऑक्सफर्ड मी तरी कुणाच्या कपाटात पाहिली नाही. टक्कर दोघांची झाली, तर शेल्फवर दोन्ही हवीत.

किट जुन्या साच्याचं आहे, पंखाच्या मुळाशी नख जाईल एवढी फट. पुट्टीऐवजी प्लास्टिकची पातळ पट्टी घालून घासतोय, म्हणजे पुढे भेगाळणार नाही. दोन्ही चीता इंजिनांची काउलिंग (बाहेरची आवरणं) जोडून झाली. पंख १६.२६ मीटर, म्हणजे मॉडेलवर सुमारे २२६ मिलिमीटर; स्पिटफायरचे १५६. शेजारी ठेवल्यावर हे लाकडी ट्रेनर किती अवजड होतं ते कळतं. पोटाला ट्रेनर पिवळा लागेल, तोही पांढऱ्या प्रायमरवर. राखाडीवर मारला की पिवळा हिरवट मारतो.

अडलंय ते सीरियलवर, म्हणजे विमानाच्या टी१०५२ या क्रमांकावर. आठ इंची काळी अक्षरं, म्हणजे इथे २.८ मिलिमीटर. एक आणि शून्य जुन्या डिकलच्या (चिकटवायच्या छापील अक्षरांच्या) शीटवर मिळाले. टी, पाच आणि दोन कुणाकडे उरले असतील तर कळवा, बदल्यात स्काय रंगाची कोडअक्षरं देतो.