किस्पे आणि किस्बेर्त

"कागदोपत्री मी किस्बेर्त आहे, पण आमचे आजोबा किस्पे होते." ऑनलाइन प्रशिक्षणात ओळख करून देताना बोलिव्हियातील ला पाझ शहरातल्या एक बाई आज एवढेच बोलल्या आणि पुढच्या विषयाकडे वळल्या. ते वाक्य मात्र संध्याकाळपर्यंत माझ्या मनातून जाईना.

किस्पे हे पेरूमधील सर्वाधिक आढळणारे आडनाव असून बोलिव्हियातही ते पावलोपावली भेटते. केचुआ या तिथल्या मूळ भाषेत त्याचा अर्थ स्फटिक, आणि मुक्त असाही होतो. मुळात ते आडनाव नव्हतेच. इंका काळात नाव ज्याचे त्याचे असे, ते बापाकडून मुलाकडे जात नसे. स्पॅनिश राजवटीत, १५८२-८३ च्या लिमा येथील धर्मपरिषदेने मुलग्यांनी वडिलांचे नाव लावावे असे ठरवले आणि कुणा एकाचे नाव पिढ्यान्‌पिढ्यांचे आडनाव होऊन बसले.

किस्बेर्त हे बऱ्याच घरांत त्याचेच युरोपीय वळणाचे रूप, आणि किस्पेच्या मानाने कमी आढळणारे. गावाकडून शहरात आलेल्या आयमारा आणि केचुआ या मूळ रहिवासी समाजांतल्या कुटुंबांना शाळेत, नोकरीत आडनावावरून हिणवले जाई, तेव्हा अनेकांनी दाखल्यावरची अक्षरे बदलून घेतली. मामानीचे माइस्मान झाले, कोंदोरीचे कोंदार्को. त्या चार अक्षरांसाठी माणसाला किती अपमान गिळावा लागला असेल, या विचाराने मी अस्वस्थ आहे.

२०२० साली दाविद चोकेउआंका आपल्या आयमारा आडनावानिशी बोलिव्हियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. ज्या घरांनी आडनाव बदलले, त्यांतली आजची मुले जुने आडनाव पुन्हा लावतील का?