कुंडीतल्या चिलटाची जात कोणती?

ओल्या मातीवर घिरट्या घालणाऱ्या काळ्या चिलटाचा फोटो पाठवून ‘हे नेमकं कोणतं?’ असं विचारणारे बरेच भेटतात. माझं उत्तर बहुतेक वेळा सायरिडी या कुलाशीच थांबतं, फार तर त्यातल्या ब्रॅडिसिया या वंशापर्यंत जातं. समोरच्याला वाटतं, हा टाळतोय.

कुलापर्यंत पोचणं अवघड नाही. चिलटाचं डोकं सूक्ष्मदर्शकाखाली समोरून बघायचं. दोन्ही डोळे शृंगिकांच्या, म्हणजे डोक्यावरच्या मिशांच्या, वरून अरुंद पट्टीने एकमेकांना जोडलेले असतील तर बहुतेक सायरिडी. जोड नसेल आणि नडगीवर दणकट काटे असतील तर मायसेटोफिलिडी या दुसऱ्या कुलाकडे वळायचं. त्यांच्या अळ्या बऱ्याचदा अळंब्यांत वाढतात.

खरी कसोटी त्यापुढे लागते, कारण जात ठरते ती नराच्या पोटाच्या टोकावरून. ते टोक कापून कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवलं की आतला मऊ भाग विरघळतो आणि पारदर्शक, तपकिरी कवच उरतं. मिलनाच्या वेळी मादीला धरून ठेवणारा चिमटा त्यावर असतो. चिमट्याच्या शेंड्याला दात आहे का, काटे किती, ते शेंड्यालाच आहेत की आतल्या कडेने खाली उतरलेत, हे सगळं मिलिमीटरच्या छोट्याशा अंशात मोजायचं. मी तो तुकडा आधी ग्लिसरीनच्या थेंबात सुईने फिरवून सगळ्या बाजूंनी चित्र काढून घेतो. वर काच ठेवली की तो चेपतो आणि चिमट्याचा आकार बदललेला दिसतो.

माद्यांचं मात्र कठीण आहे. अनेक जातींत नुसत्या मादीवरून नाव सांगताच येत नाही. ‘मग तिला अंडी घालू द्या, पिल्लांतला नर बघा,’ असं कुणी सुचवतं. युक्ती झकास, पण ब्रॅडिसिया कॉप्रोफिला या जातीची एक मादी एकतर सगळ्या मुलीच देते नाहीतर सगळे मुलगेच! (याच चिलटाच्या गुणसूत्रांवर काम करताना आनुवंशिकीच्या अभ्यासक हेलन क्राउझ यांनी 1960 मध्ये ‘इम्प्रिंटिंग’ हा शब्द वापरला, म्हणजे गुणसूत्र आईकडून आलं की बापाकडून याची त्यावरची खूण. आज तो माणसाच्या जनुकांबाबतही वापरतात.)

ही कोंडी फुटली डीएनए बारकोडमुळे. जीवशास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांनी 2003 मध्ये मांडलेली ही कल्पना, जात ओळखण्यासाठी सीओआय या जनुकाचा सुमारे 658 डीएनए-अक्षरांचा तुकडा वाचण्याची. आता कामाचा क्रमच उलटता येतो: आधी हजारो चिलटांचे बारकोड वाचायचे, गट पाडायचे आणि मग प्रत्येक गटातले मोजके नर सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचे. मादी आणि अळीसुद्धा आपोआप आपल्या नराच्या गटात येऊन बसतात. सिंगापूरसारख्या जेमतेम 730 चौरस किलोमीटरच्या देशात अशाच कामातून मायसेटोफिलिडीच्या 115 नव्या जाती पुढे आल्या.

तरी नुसत्या बारकोडवर नवी जात जाहीर करणं मला पटत नाही. जवळच्या जातींचे बारकोड कधी सारखे निघतात, तर कधी एकाच जातीत दोन गट पडतात. चिमट्याचं चित्र सोबत हवंच. सध्या माझ्याकडच्या अल्कोहोलच्या कुप्यांत माद्याच जास्त आहेत. त्यांचा एकेक पाय तेवढा बारकोडसाठी काढतोय, म्हणजे पुढे तपासायला बाकीचं अंग शाबूत राहील.